बॉयलरदादांची घंटा

बॉयलरदादांच्या घरात दिवे बंद म्हणून कधी नसायचे. स्वयंपाकघरात कुणी नसलं तरी तिथला चालू, न्हाणीघरातला चालू, जिन्यातला चालू, आणि माळ्यावर, जिथे वर्षातून कुणी डोकावलं तर डोकावलं, तिथलाही चालू. बायको मागून फिरून एकेक बटण बंद करायची आणि दादा खुर्चीतून ओरडायचे, "अगं, असू दे की! आपल्याला सवलत आहे."

सवलत होती, खोटं कशाला बोला. दादांनी उभा जन्म शहराबाहेरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात काढला होता, तोही बॉयलरवर, म्हणून तर नाव बॉयलरदादा. निवृत्त झालेल्या आपल्या माणसांना जुनी वीज कंपनी घरची वीज जवळजवळ फुकटात द्यायची. पुढे ते केंद्र बंद पडलं, नुसती चिमणी उरली आणि तिच्यावर घारी बसायला लागल्या, पण सवलत तशीच चालू राहिली. त्यामुळे दादा दिवे लावून बसायचे, हक्काने.

आणि अशा माणसाच्या पोटी पोर कसली यावी? वारा विकणारी! डोंगरावर ज्यांच्या पवनचक्क्या आहेत, माळावर ज्यांची सौर पॅनेलं आहेत, त्यांच्याकडून वीज घ्यायची आणि घरोघरी पुरवायची, अशी लेकीची कंपनी. तारा त्याच, मीटर तेच, फक्त तारांच्या त्या टोकाला कोळशाऐवजी वारा आणि ऊन. चांगली पगाराची नोकरी सोडून तिने हा उद्योग मांडला तेव्हा नात्यात सगळ्यांनी डोक्याला हात लावला. पोरीनं संसार वाऱ्यावर सोडला म्हणाले. दादांनीही हात धुऊन घेतले. "आज वारा विकतेस, उद्या काय सावली विकणार?" लेक काही कमी नव्हती. "बोला बाबा, बोला," ती म्हणाली, "बोलताना तोंडातून वाराच निघतो. तोही विकीन."

पण बाप तो बापच. सायकलवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनीने बस्तान मांडलं, त्या दिवशी दादा घरून एक जड पोतं खांद्यावर टाकून आले. पोत्यात घंटा होती. पूर्वी बॉयलरघरात पाळी बदलायची वेळ झाली की ही घंटा वाजायची. पुढे भोंगा आला आणि घंटा कोपऱ्यात पडली. दादा निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी तीच त्यांना भेट दिली होती. दादांनी ती लेकीच्या कचेरीत दाराच्या वर, लोखंडी पट्टीवर, चार जाडजूड बोल्टांनी आवळून बसवली. "भूकंप झाला तर इमारत पडेल, घंटा नाही पडणार," म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की वाजव. नाही आलं तर बिचारी गंजून जाईल."

शेवटचं वाक्य चेष्टेतलं होतं. पण घंटा वाजवायची पद्धत मात्र त्या दिवसापासून पडली ती पडलीच. फोनवर नवीन ग्राहक 'हो' म्हणाला की ज्याच्या हातात फोन त्याने उठून घंटेची दोरी ओढायची. मग सगळ्यांनी हातातलं काम टाकून चहा प्यायचा. त्या वेळी 'सगळे' म्हणजे लेक आणि तिची एक मैत्रीण.

आता इथे घोळ झाला तो असा. कंपनी उघडली त्याच आठवड्यात दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दादा इस्पितळात डोळ्याला पट्टी बांधून पडले, आणि इकडे मामा आला, आत्या आली, मावशी आली, चुलतकाका सहकुटुंब आले, आणि सगळे लेकीचे ग्राहक होऊन गेले. घंटा आठवडाभर ठणठणत होती. लेकीला वाटलं, धंदा फळला! मग एकदाचे नातलग संपले, आणि घंटा जी गप्प झाली ती झालीच. तेव्हा पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं वीज घ्यायला आली नव्हती, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवायला आली होती. तिने मैत्रिणीला सांगून टाकलं, "आजपासून नातलगांकडे मागायला जायचं नाही. दयेवर दुकान चालत नसतं."

दादा पट्टी सोडून घरी आले. आता लेक आपल्याला विचारणार म्हणून स्वच्छ दाढी करून, खुर्चीत ताठ बसून राहिले. लेक आली, डोळा कसा आहे विचारलं, चहा प्यायली, गप्पा मारल्या आणि गेली.

ती पुढेही दर आठवड्याला येत राहिली, डोळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याची चौकशी करत राहिली, विजेचा मात्र चकार शब्द नाही. दादांना आतल्या आत काहीतरी टोचायला लागलं. मामाला विचारलं, ज्या मामाला फ्यूज बदलता येत नाही. आणि ज्याने हजारो घरांत दिवे लावले त्या बापाला नाही?

"तोंडानं सांगा की तिला," बायको म्हणायची. "पोरगी सगळ्या शहरात गिऱ्हाईक शोधत फिरते आणि घरी बाप कोळशावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"मी कशाला सांगू? दुकान तिचं. दुकानदारानं गिऱ्हाईकाकडे जायचं असतं."

"सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही," असं म्हणून बायको न्हाणीघरातला दिवा बंद करायला जायची.

खरं सांगायचं तर दादांना ती वीज मनापासून हवी होती. फक्त लेकीची म्हणून नव्हे. एकदा डबा बांधून, बसने, कुणाला न सांगता ते डोंगरावर जाऊन पवनचक्की बघून आले होते. दुपारभर तिच्या खाली बसले. पाती फिरत होती, खाली गवत हलत होतं, राख नाही, धूर नाही, पाळीवर कुणी खोकत नाही. "यंत्र चांगलं आहे," घरी आल्यावर त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं. पण दादांच्या तोंडून यंत्राला 'चांगलं' म्हणवून घेणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. त्यांनी आयुष्यात दोनच यंत्रांना चांगलं म्हटलं होतं, आणि त्यातलं दुसरं बायकोचं शिवणयंत्र होतं.

इकडे कंपनी वाढत गेली. आधी घंटा महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. अनोळखी माणसं फोन करायला लागली. पुढे शहरात अशा आणखी कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. एक जुन्या सिनेमागृहात, एक कालव्याकाठी, एक तर चक्क चपलांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला. लोकांना वाटलं आता लेकीचं दुकान बसणार. झालं उलटंच. एवढ्या कंपन्या दिसायला लागल्यावर लोकांनाच वाटलं, अरे, बदलून बघायला काय हरकत आहे? आणि बदलायचं तर जुनी, खात्रीची बघू. लेकीच्या दोन खोल्या भरल्या. माणसं गॅलरीत बसायला लागली, मग जिन्याच्या वळणावर एक टेबल आलं, मग सायकलवाल्याची मागची खोली घेतली.

त्या दिवसांत एका दुसऱ्या कंपनीचा विक्रेता दादांच्या दारात आला. तरुण, गळ्यात पट्टा, बोलायला मधाळ. "आजोबा, आमची सौर वीज घेता का?" दादांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून पाठवून दिलं. मग दार लावून बराच वेळ उभे राहिले. "परक्याचा पोरगा घरी येऊन मागून गेला," ते बायकोला म्हणाले. बायकोने त्या दिवशी एकही दिवा बंद केला नाही.

आणि मग लेकीचा फोन आला. कंपनी नव्या जागेत चालली होती, बस डेपोजवळच्या मोठ्या इमारतीत, एक अख्खा मजला.

"बाबा, एक काम होतं. ती घंटा काढून द्याल? इथे कुणाकडून ते बोल्ट हलत नाहीयेत. दोन माणसं लोंबकळली, एकाची बोटं सोलली."

"नव्या जागेत नाही लावणार?"

"तिथे नाही चालायची हो. खालच्या मजल्यावर डॉक्टर आहेत. आणि खरं सांगू का, आता फार वाजते. फोनवरच्या पोरी कानात बोळे घालून बसतात. आता संगणकावर टिंग होईल, तेवढं पुरे. घंटा तुम्ही घरी घेऊन जा, तुमचीच आहे."

"येतो," दादा म्हणाले, आणि फोन ठेवला.

बायकोने चेहरा पाहिला आणि समजायचं ते समजली. दादांच्या मनात एक वेडी गोष्ट होती, तिलाच तेवढी ठाऊक होती. ती घंटा त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. पाळी सुरू, पाळी संपली, आत या, बाहेर जा. आता ती लोकांसाठी वाजत होती, मामासाठी वाजली होती, न पाहिलेल्या अनोळखी माणसांसाठी वाजली होती. ती एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी वाजावी. बास. आणि आता तीच उतरवायला आपल्याला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा पान्यांची पिशवी घेऊन गेले. कचेरीत नुसता बाजार भरला होता. खोकी, वायरी, खुर्च्यांवर खुर्च्या, आणि त्या सगळ्यात पोरी फोनवर बोलत होत्या. दादा स्टुलावर चढले. पाना लावला, जरा जोर दिला, आणि पहिला बोल्ट लोण्यासारखा फिरला. का नाही फिरणार? बसवणारा हातही तोच आणि सोडवणारा हातही तोच. दुसराही फिरला. दादा थांबले.

आणखी दोन बोल्ट सुटले की घंटा खाली, पोत्यात, घरी, माळ्यावर. खेळ खलास.

"काय झालं बाबा?" लेकीने खोक्यांमागून विचारलं.

"गंजलेत," दादा म्हणाले. आयुष्यात खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे कान लाल झाले. "तेल घालून ठेवावं लागेल. मुरू दे रात्रभर."

त्यांनी बोल्टांवर तेलाची बुधली उपडी केली. तेल भिंतीवर ओघळलं. खाली उतरताना सायकलवाला पायरीवर उभा होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "काय दादा, नमनालाच घडाभर तेल!"

दादा हसले नाहीत.

घरी येऊन ते जेवले नाहीत धड. बायकोने ताट उचलता उचलता विचारलं, "काढली?"

"गंजली आहे."

"रोज दहा वेळा वाजणारी घंटा गंजली?" बायको म्हणाली. "अहो, किती दिवस तेल घालणार? जा आणि बोला, नाहीतर गप्प काढून आणा. हे मधे लटकून राहणं सोडा."

सकाळी दादांनी एक ठरवलं. लेकीला तोंडावर सांगणं काही जमणार नव्हतं. पण फोन कुणालाही करता येतो. अनोळखी माणसं करतातच की! ते कचेरीत जायला निघाले, पण जिना न चढता खाली सायकलवाल्याच्या दुकानात शिरले.

"जरा फोन वापरू?"

"वापरा की. पण दादा, वरच तर जायचंय..."

"तू तुझी ट्यूब बघ," दादा म्हणाले.

फोन एका नव्या मुलीने उचलला. ही पंधरवड्यापूर्वीच लागलेली. दादांना तिने काल पाहिलं होतं ते पायांपासून कमरेपर्यंत, स्टुलावर. आवाज ओळखीचा नव्हता.

"नमस्कार, बोला! वीज बदलायची आहे का?"

"बदलायची आहे." दादांनी आवाज घोगरा काढला. काढायची गरज नव्हती, तो आपोआपच घोगरा झाला होता.

मुलीने पत्ता विचारला, मीटर कुणाच्या नावावर ते विचारलं. दादा एका कानाने फोन आणि दुसऱ्या कानाने वरचं छत ऐकत होते. छताच्या पलीकडे दाराशी ती घंटा होती. 'हो' म्हटलं की ही पोर उठणार, चार पावलं चालणार, आणि दोरी ओढणार. आपल्याला इथे खाली ऐकू येणार. मग वर जायचं, गुपचूप घंटा काढायची आणि घरी जायचं. कुणाला कळायची गरज नाही.

"सध्या वीज कुणाची घेता?"

"जुन्या कंपनीची. कोळशाची."

"किती वर्षं झाली?"

"जन्म गेला."

मुलगी हसली. "तुम्हाला निवृत्तांची सवलत दिसते आहे, आजोबा. बदललंत तर ती जाईल हं. चालेल?"

"जाऊ दे चुलीत."

"बरं! आणि आता का बदलावंसं वाटलं?"

या प्रश्नाची दादांनी तयारी केली नव्हती. सायकलवाल्याचा पंप थांबला होता. "मी पाहून आलोय ती पवनचक्की," दादा म्हणाले. "आम्ही राख खाऊन वीज केली, पोरी. करायलाच हवी होती, दुसरं काय होतं? वाईट नाही वाटत मला त्याचं. पण आता चांगलं आलंय, तर चांगलं घ्यावं माणसानं."

"किती छान बोललात!" मुलगी म्हणाली, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठली पोर. "एकच शेवटचं, आजोबा. आमच्याबद्दल कुणाकडून कळलं?"

इथे दादांनी 'शेजाऱ्याकडून' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण कालचं गंजाचं एक खोटं अजून पचलं नव्हतं, त्यावर दुसरं कुठे चढवायचं?

"मुलीकडून."

"त्या आमच्या ग्राहक आहेत का?"

"नाही. ती तिथेच असते. तुमच्याकडे."

"अय्या! कोण?"

"तुमची ताई."

मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे आमच्या मोठ्या ताई? अहो आजोबा, मग नाही हो जमणार. आमच्याकडे नातलगांना घेत नाहीत. मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलंय सगळ्यांनी."

"असं होय," दादा म्हणाले. "बरं. राहू दे मग." आणि त्यांनी फोन अलगद ठेवला, काच ठेवावी तसा.

"काय झालं दादा?" सायकलवाल्याने विचारलं.

"काही नाही. गिऱ्हाईकीत नापास झालो."

त्यांनी पिशवी उचलली. आता वर जायचं, उरलेले दोन बोल्ट काढायचे, झालं. पण जिन्यावरून धाडधाड पावलं आली आणि लेकच दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. मागे ती नवी मुलगी, रडकुंडीला आलेली.

"बाबा! मला सांगायचं सोडून इथून फोन?"

"तुला कुठे केला? कंपनीला केला."

"खरंच हवी आहे तुम्हाला वीज?"

"आता काय त्याचं. नियम आहे म्हणे तुमचा."

"बाबा, मी विचारतेय. कधीपासून हवी होती?"

दादांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "तू दुकान उघडलंस त्या दिवसापासून! मामाला विचारलंस. आत्याला विचारलंस. त्या चुलतकाकाला, ज्याला वीज कुठून येते विचारलं तर भिंतीतून म्हणेल, त्याला विचारलंस! माझ्या डोळ्याला पट्टी होती, पोरी, तोंडाला नव्हती!"

सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि अगदी मन लावून बुडबुडे बघायला लागला.

लेक एका उलट्या खोक्यावर बसली. "मी कुणाला विचारलं नव्हतं, बाबा. ते आपले आपण आले. माझी कीव आली म्हणून आले. मला ते नंतर कळलं, आणि इतकं लागलं ना ते..." तिने डोळे पुसले. "तुम्हीच सांगा. मी तुमच्याकडे मागितलं असतं, तर नाही म्हणाला असतात?"

दादांनी विचार केला. "नसतो म्हणालो."

"पवनचक्की चांगली की वाईट, काही न बघता?"

"तू मागितल्यावर काय बघायचं?"

"म्हणूनच नाही मागितलं," लेक म्हणाली. "आपल्या घरात विजेतलं कळणारा माणूस एकच. तो दयेनं आलेला मला चालला नसता. तो ज्या दिवशी बघून, पारखून, आपल्या पायांनी येईल, त्या दिवशी मी समजणार होते की मला जमलं. बाकी हे मजले आणि टेबलं काय, ती वाढतच असतात."

दादा एवढंच म्हणाले, "एक दिवस बोलली असतीस तर?"

"आणि तुम्ही?"

"दोघंही एकाच भट्टीतून निघालेले," सायकलवाला पाण्यातल्या ट्यूबला म्हणाला.

"ताई, मी चुकले का?" नव्या मुलीने दारातून विचारलं. "सगळे म्हणाले, नातलग घ्यायचे नाहीत..."

"मी म्हणाले होते, नातलगांकडे मागायला जायचं नाही. एवढंच. तेव्हा आम्ही दोघीच होतो. माणसं वाढली तशी तोंडातोंडी नियमाला शेपटी फुटली." लेक उठली आणि तिने बापाचा हात धरला. "आपणहून आलेल्या माणसाला कोण परत पाठवतं? चला वर."

वर सगळी कचेरी उभी होती. पोरींनी फोन खाली ठेवले होते. "ताई, तुम्हीच वाजवा," नवी मुलगी म्हणाली. "मी तर त्यांना परत पाठवलं. हो तर ते तुम्हाला म्हणाले." ते बरोबरच होतं. लेकीने दोरीला हात घातला, आणि दादा एकदम ओरडले, "थांब! डोक्यात पडेल!"

दोन बोल्ट सुटलेले होते ना. दादा लगबगीने स्टुलावर चढले, पिशवीतून पाना काढला, आणि बोटांनी बोल्ट फिरवून, पान्याने दोन झटके देऊन दोन्ही पक्के केले. वेळ लागला न लागला.

खाली लेक कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाबा, हे गंजले होते ना?"

दादांचे कान पुन्हा लाल झाले. "तेल मुरलं," ते म्हणाले, आणि सगळी कचेरी खो खो हसली. लेक इतकी हसली की तिला दोरी सोडावी लागली. मग तिने पुन्हा धरली, आणि ओढली.

ठण्ण!

दादा स्टुलावरच उभे होते, घंटेच्या अगदी शेजारी, कान बधिर होतील इतके जवळ. पाळी सुरू झाल्याची नव्हती, संपल्याचीही नव्हती. त्यांची होती. लेकीने पुन्हा ओढली, आणि पुन्हा. खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. दादांनी खिशातून रुमाल काढला आणि बोल्टांवरचं तेल पुसायचं निमित्त करून डोळे पुसले, त्यामुळे तेल डोळ्यात गेलं आणि खरोखरच पाणी यायला लागलं.

मग सगळ्यांनी काम टाकून चहा प्यायला, पूर्वीच्या पद्धतीने. चहा झाल्यावर दादांनी चारही बोल्ट काढले आणि घंटा पोत्यात घातली. आता त्यांना काही वाटलं नाही. जे वाजायचं ते वाजून झालं होतं.

वीज बदलायला थोडे दिवस लागतात. मधल्या काळात दादा रोज मीटरपाशी जाऊन उभे राहायचे, जणू त्यातून कुणी उतरणार आहे. बायको हसायची. एक दिवस संध्याकाळी लेकीचा निरोप आला की आजपासून घर आमच्याकडे आलं. दादा उठले आणि दिव्याकडे बघत राहिले.

"काय बघताय? तोच दिवा आहे," बायको म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

"तोच आहे," दादा म्हणाले. "तोच असतो."

थोड्या वेळाने माळ्यावरचा दिवा बंद झाला. मग जिन्यातला. मग न्हाणीघरातला, मग बाहेरच्या खोलीतला. दादा घरभर चपला ओढत फिरत होते आणि एकेक बटण बंद होत होतं. शेवटी स्वयंपाकघरातही खट् झालं आणि अंधार पडला.

"अहो!" आतून बायको ओरडली. "मी आहे ना इथे! हात पिठात आहेत माझे!"

"दिसली नाहीस, दिसली नाहीस," दादा म्हणाले, आणि घाईघाईने दिवा लावला. दारात उभे राहून ते जरा ओशाळल्यासारखे हसले. "उगाच कशाला जाळायची? पोरीची वीज आहे."